उतराईचे गद्य

'उतराई होणे' हा मराठीतला जुना वाक्प्रचार आहे. संतांच्या वाणीतून तो घराघरांत पोचला. त्याचे एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात येत नाही : तो बहुधा प्रश्नार्थक किंवा नकारार्थी वाक्यातच येतो. उतराई कसे व्हावे, उतराई होणे शक्य नाही, असेच आपण म्हणतो. ऋणाची गोष्ट निराळी. ऋणाला सावकार असतो, हिशेब असतो, फेडीची तारीख असते. ज्याचे उतराई व्हायचे त्याला मात्र परतफेडीची गरज नसते, अपेक्षाही नसते. मग घेणाऱ्याने काय करावे? मिळालेले तिसऱ्याच कुणाला तरी द्यावे, एवढाच मार्ग उरतो. आरोग्यसेवेच्या एखाद्या संस्थेत जो माणूस रुग्ण म्हणून आला, बरा झाला आणि पुढे त्याच संस्थेत दुसऱ्या रुग्णांची शुश्रूषा करीत राहिला, त्याची अवस्था या शब्दात नेमकी सापडते. मराठीत गेल्या अर्धशतकात सेवाकार्याविषयी विपुल लेखन झाले. त्या लेखनात हा परतलेला रुग्ण कसा येतो, आणि त्याच्या येण्याने गद्याचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम एका गैरसमजाची नोंद केली पाहिजे. ग्रंथालयांत ही पुस्तके 'समाजकार्य' किंवा 'चरित्र' या फळीवर असतात. ग्रंथविक्रेते त्यांना 'प्रेरणादायी' म्हणतात. या विशेषणाने त्यांचा खप वाढला, आणि वाङ्मयीन विचार थांबला. पुस्तक प्रेरणा देते एवढे म्हटले की त्याची भाषा, त्याचा निवेदक, त्याने गाळलेले आणि राखलेले तपशील यांविषयी बोलण्याची जरुरी उरत नाही. शाळकरी बक्षीस म्हणून दिले जाणारे पुस्तक टीकाकाराने वाचायचे नसते, असा जणू संकेतच पडून गेला. तो मोडण्याइतके सत्त्व या लेखनात आहे.

भारतीय कादंबरीने वैद्य आणि रुग्ण या दोन व्यक्तिरेखा समर्थपणे उभ्या केल्या आहेत. ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या 'आरोग्य-निकेतन' या बंगाली कादंबरीत नाडीवरून मृत्यूची चाहूल ओळखणारा वृद्ध कविराज आहे. १९५६ साली तिला साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला. फणीश्वरनाथ रेणू यांच्या 'मैला आँचल'मध्ये (१९५४) मलेरियाच्या संशोधनासाठी पूर्णिया जिल्ह्यातल्या खेड्यात आलेला तरुण डॉक्टर आहे. दोन्हींत रोग्याकडे जाणारी वाट एकाच बाजूने चालत येते : जाणता येतो, अजाण त्याची वाट पाहतो. रुग्णाने उठून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसावे, ही घटना या मोठ्या कृतींच्या केंद्रस्थानी नाही. वास्तविक ती घटना नाट्यपूर्ण आहे. तरीही कादंबरीपेक्षा ती अगोदर लक्षात घेतली ती, निदान मराठीत, वृत्तलेखाच्या अंगाने जाणाऱ्या गद्याने.

मराठीत सेवालेखनाची एक ठळक परंपरा आनंदवनाभोवती उभी राहिली. १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या माळावर कुष्ठरोग्यांची वसाहत वसविली. श्रमाने माणूस उभा राहतो, दानाने मोडतो, हा बाबांचा आग्रह होता. त्यामुळे तेथील रुग्ण आरंभापासूनच केवळ रुग्ण राहिले नाहीत. त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली. ज्या समाजाने त्यांना गावाबाहेर घालविले होते त्याच समाजाच्या मुलांसाठी त्यांच्या श्रमातून महाविद्यालयाची इमारत उभी राहिली. उतराई होण्याच्या कल्पनेलाच येथे उलटे वळण मिळाले आहे. देणे ज्याच्याकडून यायचे होते त्यालाच दिले गेले.

आता या परंपरेतील ग्रंथांची नावे पाहावीत. 'ज्वाला आणि फुले', 'समिधा', 'प्रकाशवाटा'. बाबा, साधनाताई आणि प्रकाश आमटे यांच्या या तीन पुस्तकांची शीर्षके अग्नी आणि उजेड यांच्या प्रतिमांतून घडली आहेत. सेवा म्हणजे यज्ञ, सेवक म्हणजे आहुती, ही भारतीय मनाला सहज उमजणारी प्रतिमासृष्टी आहे. 'ज्वाला आणि फुले'मधील मुक्तशैलीचे चिंतन या प्रतिमांच्या बळावरच झेपावते. त्यातली वाणी वक्तृत्वाची आहे. ती हजारांच्या सभेला उद्देशून बोलते, आणि आपल्या जागी ती प्रभावी आहे. पण यज्ञाच्या प्रतिमेत एक अडचण आहे. आहुती देणाऱ्याकडे आधी काहीतरी असावे लागते. संपन्न घर, वकिली, पदवी, शहरातली सुरक्षितता असे काही टाकून तो येतो आणि त्या टाकण्याला आपण त्याग म्हणतो. ज्याच्याकडे टाकायला काहीच उरले नव्हते, रोगाने ज्याचे घर, नाव आणि बोटे आधीच नेली होती, त्याने सेवा केली तर तिला कोणता शब्द वापरायचा? यज्ञाच्या भाषेत त्याच्यासाठी जागा नाही. म्हणून या लेखनात तो बहुधा अनेकवचनात येतो. १९७३ साली हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्पाची सुरुवात झाली तेव्हा आनंदवनातील कुष्ठमुक्त माणसे त्या जंगलात कामाला गेली. ही हकीकत सर्वपरिचित आहे. एका रोगातून उठलेल्यांनी दुसऱ्या उपेक्षितांसाठी घरे बांधावीत, याहून मोठे कथाबीज कोणते? परंतु वाचकाच्या स्मरणात राहतात ती डॉक्टर दांपत्याची नावे. ते स्वाभाविक आहे. न्याय्य आहे असे मात्र म्हणवत नाही.

'समिधा'विषयी एक अपवाद नोंदवायला हवा. शीर्षक यज्ञाचे असले तरी आतले निवेदन घरातले आहे. स्वयंपाक, मुले, आला-गेला, नवऱ्याच्या हट्टाचे ओझे. साधनाताई त्याग हा शब्द ज्या सावधपणे हाताळतात त्यात त्यांच्या पुस्तकाचे मोल आहे. तसेच 'नेगल'कार विलास मनोहर यांचे. पुण्यातला व्यवसाय सोडून हेमलकशाला कार्यकर्ता म्हणून गेलेल्या या लेखकाने स्वतःविषयी लिहिण्याऐवजी प्रकल्पातल्या अनाथ वन्य प्राण्यांविषयी लिहिले. 'नेगल' हे एका बिबट्याचे नाव. प्राण्यांच्या आडोशाला उभे राहिल्यामुळे सेवकाला स्वतःची आरती टाळता आली. मराठी सेवालेखनातील ही एक हुशार आणि हृद्य युक्ती आहे.

यज्ञाची भाषा पूर्णपणे बाजूला ठेवून लिहिलेले सेवालेखन पाहायचे तर अनिल अवचट (१९४४–२०२२) यांच्याकडे वळावे लागते. त्यांचे पहिले पुस्तक 'पूर्णिया' (१९६९) बिहारमधील अनुभवांचे होते. रेणूंच्या कादंबरीचा जिल्हा आणि या मराठी लेखकाचा आरंभ एकाच भूमीत असावा, हा योगायोग खरा, पण अर्थपूर्ण. रेणूंनी त्या भूमीची बोली, गाणी आणि गंध टिपले. अवचट तेथे प्रश्न विचारणारा परका तरुण म्हणून गेले, आणि परकेपणा लपवायचा नाही हा धडा तेथून घेऊन आले. 'माणसं', 'संभ्रम', 'अंधेरनगरी निपाणी', 'कोंडमारा' या पुस्तकांत त्यांची शैली सिद्ध झाली : आखूड वाक्ये, बोलीचा सहज वापर, विशेषणांची काटकसर, आणि अज्ञान कबूल करणारा निवेदक. वैद्यकीची पदवी असूनही हा निवेदक कधी डॉक्टरच्या आवाजात बोलत नाही.

१९८०च्या दशकाच्या मध्याला गर्दचे, म्हणजे हेरॉइनच्या अशुद्ध भुकटीचे, व्यसन शहरांतल्या तरुणांत पसरले. त्या विषयाचा माग काढीत अवचटांनी लिहिलेले लेख पुढे 'गर्द' या पुस्तकात आले. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी अशा रुग्णांसाठी काही उभारावे असा आग्रह धरला आणि आर्थिक साहाय्यही केले. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा (अनिता) मनोविकारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. उद्घाटन पु. लं.नी केले. येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. पु. लं.च्या प्रतिष्ठानाचा निधी त्यांच्या लेखनातून आणि प्रयोगांतून उभा राहिला होता. म्हणजे हसलेल्या प्रेक्षकांचा पैसा रडणाऱ्या घरांकडे गेला. उतराई होण्याची साखळी अशी संस्थेच्या पायाखालूनच जाते. पण मुद्दा त्याहून पुढचा आहे. वर्तमानपत्री लेखनातून रुग्णालय जन्माला येणे ही वाङ्मयाच्या इतिहासात वारंवार घडणारी गोष्ट नव्हे. टीकाकारांनी मात्र तिची दखल सामाजिक घटना म्हणून घेतली, वाङ्मयीन घटना म्हणून घेतली नाही.

मुक्तांगणमध्ये उपचार घेऊन बाहेर पडलेले अनेक जण पुढे तेथेच कार्यकर्ते झाले. सुनंदाताईंनी उभारलेल्या पद्धतीचा तो कणाच होता. या पद्धतीमागे 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या संघटनेचाही अनुभव होता. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांच्या भेटीतून ती जन्मली. नुकताच सावरलेला एक जण स्वतःचे पिणे पुन्हा सुरू होईल या भयाने दुसऱ्याला शोधीत गेला. त्याला दुसऱ्याला वाचवायचे होते असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. स्वतः वाचण्यासाठी त्याला दुसरा हवा होता. व्यसनातून बाहेर पडलेल्याने आपला अनुभव दुसऱ्या व्यसनीपर्यंत न्यावा, ही त्या संघटनेची बारावी आणि अखेरची पायरी याच शोधातून आली.

या एका गोष्टीने सेवेचे नीतिशास्त्र बदलते आणि त्याबरोबर गद्यही. 'स्वयंसेवक' हा शब्द तपासून पाहावा. त्यातला 'स्वयं' इच्छेचा आहे. आपण होऊन आला, कुणी बोलावले नव्हते, उद्या न आला तरी त्याचे काही बिघडणार नाही. परतलेला रुग्ण या अर्थाने 'स्वयं' येत नाही. तो न आला तर त्याचेच बिघडते. नव्याने दाखल झालेल्या, हातपाय थरथरणाऱ्या तरुणाजवळ रात्रभर बसताना तो स्वतःचाच पहिला आठवडा पाहत असतो. त्याची सेवा निःस्वार्थ नाही, आणि ती तशी नाही म्हणूनच खरी आहे. मराठी चरित्रलेखनाला हा स्वार्थ पेलत नाही. निःस्वार्थ हे विशेषण तेथे कुंकवासारखे लावावेच लागते. अवचटांचे गद्य ते लावीत नाही.

असे का घडले याची कारणे केवळ स्वभावात शोधू नयेत. विषयाचाच तो दाब आहे. व्यसनाचा आजार बरा होतो म्हणजे थांबून राहतो, संपत नाही. म्हणून येथे 'मी व्यसनमुक्त झालो' हे भूतकाळी वाक्य धोक्याचे मानले जाते. आजचा दिवस घ्यायची नाही, एवढेच वाक्य सुरक्षित असते. चरित्राला लागते चढती रेषा : अंधार, साक्षात्कार, कार्य, गौरव. आजच्या दिवसापलीकडे बोलायचेच नाही अशी ज्याची प्रतिज्ञा, त्याचे चरित्र त्या रेषेवर बसविता येत नाही. दहा वर्षे नशेपासून दूर राहिलेला कार्यकर्ता अकराव्या वर्षी घसरू शकतो, आणि ही शक्यता त्याच्याविषयीच्या प्रत्येक वाक्यावर सावली टाकते. 'मुक्तांगणची गोष्ट' या पुस्तकाच्या नावात 'गोष्ट' हा घरगुती शब्द आहे, गाथा किंवा पर्व नाही, याचे महत्त्व येथे समजते. गोष्ट उद्या पुढे सांगता येते. गाथेला पूर्ण व्हावे लागते.

दुसरा दाब अनामिकतेचा. ज्यांची हकीकत सांगायची त्यांची नावे सांगायची नाहीत. नाव, गाव, जात, घराणे यांच्या आधाराने व्यक्ती उभी करण्याची मराठी व्यक्तिचित्राची दीर्घ सवय येथे निरुपयोगी ठरते. राहते काय? बोलण्याची लकब, हातांची हालचाल, केलेले काम. कोणी झाडतो, कोणी भांडी घासतो, कोणी नव्या रुग्णाच्या बायकोशी बोलत बसतो. मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींचा 'सहचरी' नावाचा गट आहे, आणि नवऱ्याच्या उपचाराने ज्यांचे घर सावरले त्या स्त्रिया नव्याने आलेल्या स्त्रियांना सावरतात. तेव्हा उतराई होणे हे एकट्या माणसाचे काम राहत नाही, घराचे होते. अवचटांचे गद्य अशा कामांच्या तपशिलांत रमते. ओरिगामीचे कागद दुमडणाऱ्या आणि लाकूड कोरणाऱ्या लेखकाला हातांकडे पाहण्याची सवय होतीच. येथे ती सवय निवेदनाचे तंत्र बनली.

या गद्याची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अवचटांचा निवेदक माणसांच्या चांगुलपणावर इतका विसंबून असतो की अंधाराचा तळ गाठण्यापूर्वीच तो वर येऊ लागतो. नशा कोण विकतो, ती शहरात कोणाच्या आशीर्वादाने पोचते, हे प्रश्न तो ओझरते विचारतो. त्यांचा पिच्छा पुरवीत नाही. 'अंधेरनगरी निपाणी'त तंबाखूच्या व्यवस्थेला भिडणारा लेखक येथे व्यवस्थेपेक्षा शुश्रूषेकडे झुकला. संस्थेच्या संस्थापकाने संस्थेविषयी लिहिताना येणारा संकोचही आहे. बाहेरून आलेला निपाणीचा निरीक्षक जे पाहू शकला ते 'बाबा' म्हणून हाक मारली जाणारा घरातला माणूस कसे पाहणार? कार्यकर्त्याच्या मनात उपकाराविषयी कृतज्ञतेबरोबर एक राग असतो. आयुष्यभर ऋणी राहण्याचा राग. तो या लेखनात फारसा उमटत नाही. १० फेब्रुवारी १९९७ रोजी सुनंदाताईंचे कर्करोगाने निधन झाले. आजारपणातही त्यांनी काम सोडले नव्हते. त्यानंतरच्या लेखनात त्यांची स्मृती एवढी व्यापून राहते की टीकेचा सूर लावणे लेखकालाच अशक्य व्हावे. वाचकालाही ते जड जाते, आणि ही सहानुभूती वाङ्मयविचारात थोडी बाजूला ठेवावी लागते.

मग तो राग, ती लाज, ते ऋणीपण कोण लिहिणार? ज्याचे आहे तोच. मराठीला या बाबतीत मोठा वारसा आहे. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) यांनी जी गोष्ट इतर लोक सहानुभूतीने सांगत होते ती प्रथमपुरुषी एकवचनात आणली आणि सहानुभूतीचे सारे गद्य एकाएकी जुने वाटू लागले. व्यसनाच्या आणि सेवेच्या क्षेत्रात तसे काही घडण्याची खूण तुषार नातू यांच्या 'नशायात्रा' या आत्मकथनात दिसते. व्यसनाचा प्रवास स्वतः केलेला लेखक पुढे व्यसनमुक्तीच्याच क्षेत्रात समुपदेशनाचे काम करतो, आणि मागे वळून लिहितो. येथे दोन आवाज एकमेकांवर आदळतात. पहिला नशेच्या आठवणीत अजूनही थोडासा रमणारा, दुसरा समुपदेशकाचा, धडा देऊ पाहणारा. हे निवेदन साहित्यदृष्ट्या सफाईदार नाही, लांबते, पुनरुक्ती करते. परंतु त्यात एक गोष्ट आहे जी अवचटांच्या नितळ गद्यात नव्हती : खोटे बोलण्याच्या कलेचे आतून केलेले वर्णन. व्यसनी माणूस आईला, बायकोला, डॉक्टरला आणि स्वतःला कसे फसवितो हे तोच सांगू जाणे. समुपदेशक म्हणून त्याचे भांडवलही तेच असते. समोरच्याची थाप त्याला लगेच कळते, कारण ती त्याने स्वतः मारलेली असते. ज्या लबाडीने घर मोडले तीच आता दुसऱ्याचे घर राखण्याच्या कामी येते. हा विरोधाभास कोणत्याही यज्ञाच्या प्रतिमेत बसणारा नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. 'ज्वाला आणि फुले'मधला उद्गार, 'समिधा'तले घर, अवचटांची आखूड वाक्ये आणि 'नशायात्रा'मधली अस्वस्थ लांबण. सेवेची भाषा सभेतून घरात, घरातून वॉर्डात आणि वॉर्डातून रुग्णाच्या स्वतःच्या तोंडी कशी आली याचा आलेख त्यातून मिळतो. तो सरळ चढत गेलेला नाही. आजही बहुसंख्य सेवालेखन पहिल्याच सुरात चालते, आणि गौरव समारंभांना तोच सूर सोयीचा पडतो. सहचरींपैकी कुणाचे, किंवा आनंदवनातून हेमलकशाला गेलेल्या त्या कुष्ठमुक्त माणसांपैकी एखाद्याचे, त्याच्याच शब्दांतले निवेदन या फळीवर आले तर 'उतराई' या शब्दाचा कोश नव्याने लिहावा लागेल. बोटे झडलेल्या हाताने घर बांधताना तो कुणाचे देणे फेडीत होता, आनंदवनाचे, की ज्या गावाने हाकलले त्या गावाला काही दाखवून देत होता, हे त्याच्याखेरीज कुणालाही सांगता येणार नाही.